माईकपुरता मोकळा

विनिता मॅडम शुक्रवारी सकाळी पनवेलच्या मच्छी मार्केटात आल्या, तेव्हाच गुणाबाईनं ओळखायला हवं होतं की काहीतरी शिजतंय. पास्टरांची बायको मार्केटात कधी येत नाही. तिला वास सहन होत नाही. खांदा कॉलनीतल्या तिच्या घरी मासे जातात ते कापून, धुऊन, डब्यात भरून, आणि ते नेऊन देतो गुणाबाईचा नवरा काशिराम. पैसे देतात हो, नाही असं नाही. पण तीन जिने चढायचे काशिरामनंच.

तर मॅडम आल्या. पदर नाकाला लावून, ओल्या फरशीवरून जपून जपून पावलं टाकत गुणाबाईच्या ओट्यापाशी उभ्या राहिल्या. गुणाबाई एका गिऱ्हाइकाची सुरमई कापत होती. कोयता चालूच ठेवून ती म्हणाली, "बोला म्याडम. कोलंबी देऊ का? सकाळीच करंजा बंदरावरनं आली हाय."

"नको गं. परवाच्या प्रोग्रॅमबद्दल बोलायचं होतं."

परवा, म्हणजे रविवारी, मंडळीचा विसावा वर्धापनदिन होता. मंडळी म्हणजे त्यांच्या चर्चची माणसं. चर्च म्हणावं तर ते खांदा कॉलनीतल्या एका मेडिकलच्या दुकानावरचा हॉल आहे. शंभरेक खुर्च्या, समोर छोटं स्टेज, भिंतीवर लाकडी क्रूस. वर्धापनदिनाला पुण्याहून, नगरहून पाहुणे येतात, बिर्याणी असते, पोरांची नाटुकली असतात. त्यात दरवर्षी काही ना काही बदलतं. एक गोष्ट तेवढी बदलत नाही, ती म्हणजे काशिरामभाऊंची साक्ष.

साक्ष द्यायची म्हणजे आपण आधी काय होतो आणि प्रभूनं आपल्याला त्यातून कसं सोडवलं, हे चारचौघांत उभं राहून सांगायचं. रीत चांगली आहे. माणसानं एकदा सांगावं, रडावं, मोकळं व्हावं, घरी जावं. पण काशिराम चौदा वर्षं तेच सांगतोय. वर्धापनदिन आला, द्या साक्ष. नाताळ आला, द्या साक्ष. कोणी परदेशी पाहुणा आला, काशिरामभाऊ, या पुढे. लग्नात बँडवाल्याला बोलावतात तसं त्याला बोलावतात, असं गुणाबाईला वाटायचं.

"या वेळी मोठा स्क्रीन लावतोय," मॅडम म्हणाल्या. "काशिरामभाऊ बोलत असताना मागे किशोरीचा फोटो दाखवायचा, असं यांच्या मनात आहे. आणि तिचा एखादा फ्रॉक वगैरे ठेवला असशील तर तोही दे. लोकांना फार टच होतं गं अशानं."

कोयता थांबला.

"फोटो नाय," गुणाबाई म्हणाली. "फ्रॉक नाय. आनि तिचं नाव इथं घेऊ नका."

मॅडमचा चेहरा उतरला, पण त्या आल्या होत्या दोन निरोप घेऊन, त्यातला एक अजून पोटात होता. तो त्यांनी जरा खाली बघून सांगितला. महिन्यातून एकदा हॉलमध्ये प्रभूभोजन असतं. भाकरीचे तुकडे आणि द्राक्षरसाचे छोटे पेले ताटात घालून चार माणसं ओळीओळीतून फिरवतात. काशिरामनं चौदा वर्षांत मंडळीकडे एकच गोष्ट मागितली होती: एकदा ते ताट माझ्या हातात द्या. कमिटीनं त्यावर विचार केला होता. कमिटीचे सेक्रेटरी रणपिसे अंकल म्हणाले होते, पुढच्या वर्षी बघू.

"पाहुणे असणार ना," मॅडम म्हणाल्या. "आणि काशिरामभाऊंचा तो भूतकाळ. तू समजून घे."

आता बघा. ज्या भूतकाळावर यांचा प्रोग्रॅम चालतो, ज्याच्यावर पाहुण्यांचे रुमाल ओले होतात, तोच भूतकाळ ताट धरताना मात्र आडवा येतो. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे म्हणतात ते काय उगीच? गुणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोर गिऱ्हाईक उभं होतं. तिनं सुरमईचे तुकडे पिशवीत भरले, हात धुतले आणि एवढंच म्हणाली, "या तुमी म्याडम. तुमच्या साडीला वास लागंल."

किशोरी गेली त्याला सोळा वर्षं झाली. चार वर्षांची होती. तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी दुपारी पोरीचं अंग तव्यासारखं तापलं आणि तिनं डोळे फिरवले, तेव्हा गुणाबाईनं काशिरामला रिक्षा आणायला पिटाळलं. रिक्षा स्टँड कोळीवाड्यापासून पाच मिनिटांवर. वाटेत दारूचा गुत्ता. तो एक ग्लास घ्यायला म्हणून शिरला आणि बसला. गुणाबाई पोरीला घेऊन दारात उभी. आता येईल, मग येईल. दीड तास. शेवटी पोर खांद्यावर टाकून ती धावत दवाखान्यात गेली. उशीर झाला, म्हणाले डॉक्टर. झालं. एवढीच गोष्ट आहे.

त्यानंतर एक वर्ष काशिराम शुद्धीवर असा नव्हताच. मग एक दिवस तो एसटी स्टँडच्या बाकड्याखाली पडलेला असताना दाजींनी त्याला उचललं. दाजी म्हणजे मंडळीतले एक म्हातारे टेलर. त्यांनी उपदेश केला नाही. चहा पाजला, हॉलमध्ये सतरंजीवर झोपवलं, आणि तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तुझ्यासाठी खंडणी भरली गेलीय, काशिराम. भरणाऱ्यानं क्रुसावर आपला जीव देऊन भरलीय. तू सुटलास. आता उठ आणि तोंड धू."

काशिराम उठला आणि त्यानं तोंड धुतलं. त्या दिवसापासून आजतागायत थेंब घेतलेला नाही. तळोज्याला एका केमिकल कंपनीत वॉचमन म्हणून लागला, पाळी कधी चुकवली नाही. गुणाबाईनं वर्षभर वाट बघितली. कुत्र्याचं शेपूट, नळीत घातलं तरी वाकडंच, असं ती आल्यागेल्याला सांगत होती. वर्ष झालं आणि शेपूट सरळच राहिलं, तेव्हा ती पण एका रविवारी हॉलमध्ये जाऊन मागच्या खुर्चीवर बसली. तिचा प्रभूवर विश्वास बसला तो प्रवचनं ऐकून नाही. नवऱ्याच्या तोंडाला वास येईना, म्हणून बसला. भावकीनं दोन वर्षं बोलणं टाकलं, नंतर त्यांचंही सुरू झालं. मासे काय, सगळ्यांनाच लागतात.

पहिली साक्ष काशिरामनं दिली तेव्हा हॉल रडला होता, गुणाबाई रडली होती. ते खरं होतं. मग पास्टरांना त्याची चव कळली. पास्टर सत्यजीत वाईट माणूस नाही. पण जे चाललंय ते चालू द्यावं, या पंथातला. त्यांनी काशिरामला शिकवलं, इथे थांबा, इथे आवाज खाली घ्या. कीबोर्डवाल्याला सांगितलं, पोरीचा ताप आला की हळू सूर धर. साक्षीत दीड तासाचे तीन तास झाले. आणि शेवटाला पास्टरांनी एक वाक्य स्वतःच्या हातानं लिहून दिलं: "आणि माझ्या पत्नीनेही मला पूर्ण अंतःकरणाने क्षमा केली."

केली का? गुणाबाईला कोणी विचारलं? देवानं केली, ते देवाचं देव बघून घेईल. पण पत्नीची क्षमा पत्नीला न विचारता परस्पर जाहीर करणारे हे कोण? ते वाक्य आलं की मंडळी मागे वळून गुणाबाईकडे प्रेमानं बघायची, आणि गुणाबाई दातावर दात धरून समोरच्या खुर्चीची पाठ बघत बसायची. चौदा वर्षं.

शनिवारी दुपारी ओटा धुऊन झाल्यावर ती घरी गेली नाही. रिकामी पाटी डोक्यावर घेऊन ती सरळ खांदा कॉलनीत गेली आणि हॉलचा जिना चढली. वर तयारी चालली होती. पास्टर माईक तपासत होते, रणपिसे अंकल फाइल घेऊन खुर्च्या मोजत होते, आणि काशिराम ओल्या फडक्यानं एकेक खुर्ची पुसत होता. गुणाबाईनं पाटी दारात ठेवली.

"पास्टर," ती म्हणाली, "उद्या ह्ये साक्ष देनार नायत."

पास्टर हसले. त्यांचं हसणं गोड आहे. "बसा गुणाबाई. काय झालं? पाणी घ्या आधी."

"पानी नको. मना येक सांगा. दाजी बोलायचे, आपली पापं देवानं दर्याच्या तळाला टाकलीत. खरं का खोटं?"

"शंभर टक्के खरं. आमेन."

"आमी कोळी मानसं. दर्याला दिलेलं आमी परत मागत नाय. नारळ सोडला की पाठ फिरवून घरी. मंग देवानं सोता बुडवलेलं तुमी दर वर्साला जाळं टाकून वर कशाला काढता? आनि काढून मांडता, वाट्यावर वाटा लावल्यागत. बघा, ताजं हाय."

पास्टरांचं हसू जरा कमी झालं. रणपिसे अंकलनी फाइल मिटली. ते बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, कुठल्याही गोष्टीत मधे पडायचा त्यांना हक्कच आहे. "गुणाबाई, विषय सेन्सिटिव्ह आहे, मान्य. पण यात काशिरामचा अपमान नाही, देवाचा गौरव आहे. तुम्ही असं इमोशनल होऊन—"

"अंकल, तुमाला तर मी येनारच व्हते इचारायला. ताट धरायला ह्यांचा भूतकाळ आडवा येतो. माईक धरायला कसा नाय येत?"

"ताटाची गोष्ट वेगळी आहे. कमिटीची एक प्रोसिजर असते. ताट पवित्र असतं."

"ताट पवित्र," गुणाबाई म्हणाली. "आनि माजी पोर काय हाय?"

यावर अंकलनी चष्मा काढला आणि पुसायला घेतला. चष्मा स्वच्छच होता.

पास्टरांनी माईक खाली ठेवला आणि ते जवळ आले. आता ते मनापासून बोलत होते, हे गुणाबाईलाही कळलं. "हे बघा, काशिरामभाऊंची साक्ष ऐकून तिघांनी दारू सोडलीय. तिघांचे संसार वाचले. तळोज्याचा तो क्रेनवाला आठवतो? त्याची बायको अजून तुमच्या नावानं प्रार्थना करते. हे मी थांबवू? तुम्ही सांगा."

ते खोटं नव्हतं. क्रेनवाल्याची बायको दर नाताळला तिला करंज्या आणून द्यायची. पण राग खरा असला की त्याला वाट सापडतेच.

"मंग ते तिघं हायेत ना," ती म्हणाली. "त्यांचं त्यांना सांगू द्या. नायतर पास्टर, तुमी सांगा तुमचं. चौदा वर्सं आमी बघतो, तुमी तितं उभं राहून दुसऱ्याचंच सांगता. तुमाला देवानं कशातनं सोडवलं?"

"माझा जन्म… माझा जन्म विश्वासी घरातच झाला," पास्टर म्हणाले.

खंडणी सगळ्यांची सारखी, हेच तर दर रविवारी सांगतात ना? मग एकानंच चौदा वर्षं गुडघ्यावर चालायचं आणि बाकीच्यांनी खुर्चीवर बसून आमेन म्हणायचं, हा कुठला न्याय? गुणाबाईच्या ओठावर हे सगळं आलंही होतं. पण तेवढ्यात मागून आवाज आला.

"मी सांगन, पास्टर." काशिराम फडकं हातात घेऊन उभा होता. "ती रागात हाय. तुमी काय मनावर घेऊ नका. मी सांगन."

झालं का? ज्याच्यासाठी भांडायला गेलं तोच फितूर. गुणाबाईनं पाटी उचलली आणि ती जिना उतरली. नवऱ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही, कारण बघितलं असतं तर पाटी त्याच्या डोक्यात घातली असती.

संध्याकाळी काशिराम घरी आला तेव्हा ती पुढच्या खोलीत तांदूळ निवडत होती. दार उघडं होतं, समोरच्या गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती. तो उंबऱ्यावर बसला. मग गुणाबाईनं सूप खाली ठेवलं.

"तुमाला लाज कशी वाटत नाय," ती म्हणाली. "ते तुमाला नाचवतात. ताटाला हात लावू देत नाय आनि नाचवतात. आनि तुमी बोलता, सांगन. कसली हौस ही?"

काशिराम म्हणाला, "फोटो दिला मी त्यांना."

"कसला फोटो?"

"पोरीचा. माज्या पाकिटात व्हता."

गुणाबाईला वाटलं होतं की घरात फोटो उरलेलाच नाही. जे होतं ते सगळं तिनंच त्या वर्षी नाहीसं केलं होतं. सोळा वर्षं हा माणूस शेजारी झोपला, शेजारी जेवला, आणि पोर खिशात घेऊन फिरत होता. ती म्हणाली, "मना न इचारता."

"तुला इचारू कसं?" काशिरामचा आवाज चढला नाही, त्याचा कधीच चढत नाही. पण त्या दिवशी तो थांबला नाही. "ह्या घरात तू तिचं नाव काढू देत नाय. येकदा काढलं, तू जेवनाचं ताट भिंतीवर मारलंस. दुसऱ्यांदा काढलं, तू आठ दिवस म्हायेरी जाऊन बसलीस. आपला कुंदन तवा दोन वर्सांचा व्हता. येवडा मोठा झाला, बंदरात नोकरीला लागला, पन त्याला म्हाईत नाय त्याची भैन कशी व्हती. मंग मी कुटं बोलू? तितं मना माईकवर सात मिन्टं देतात. त्यात चार येळा तिचं नाव घेता येतं. त्याच्यासाटी मी दारूचं सांगतो. दारूचं ऐकायला मानसं बसतात, मंग पोरीचं पन ऐकतात."

गुणाबाईनं सूप परत उचललं. तांदूळ निवडून झालेले होते, तरी ती निवडत राहिली.

तिला वाटत होतं की ती एकटीच गप्प राहून सोसतेय. ते दाराशी उभं राहणं, तो दीड तास, नाव निघालं की तो परत सुरू व्हायचा, म्हणून तिनं नावच बंद केलं होतं. त्यात तिनं नवऱ्याला बाहेर कोंडलंय हे तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि तिनंही कोणाला विचारलं नव्हतं. पास्टरांवरचा राग कमी झाला असं नाही. तो होता तेवढाच होता. पण आता त्यातला वाटा तिला स्वतःच्या पदरात घ्यावा लागत होता, आणि हे तिला अजिबात आवडलं नाही.

रविवारी हॉल गच्च भरला. जिन्यापर्यंत माणसं उभी होती. गाणी झाली, पाहुण्यांना शाली झाल्या, आणि पास्टर माईकपाशी आले. "आता आपल्यासमोर येतील," ते म्हणाले, "एक असे बंधू, ज्यांना प्रभूनं दारूच्या गटारातून उचललं." शनिवारी एवढं ऐकून घेतलं, पण गटार काही सुटलं नाही. टाळ्या वाजल्या. काशिराम इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पुढे गेला आणि मागचा स्क्रीन उजळला.

किशोरी. भिंतीएवढी मोठी. केसांना दोन लाल रिबिनी, एक सुटलेली. समोरचा दात तुटलेला. उन्हानं डोळे बारीक केलेले आणि फोटो काढणाऱ्यावर चिडलेली. अगदी गुणाबाईसारखी चिडलेली. गुणाबाई विसरली होती की पोरीची भुवई अशी वर जायची. आपण हे विसरलो होतो, हेच तिला सहन होईना.

काशिराम बोलायला लागला. गुत्ता आला. ताप आला. कीबोर्डवाल्यानं हळू सूर धरला. पुढच्या ओळीतल्या एका पाहुणीनं रुमाल काढला. गुणाबाई स्क्रीनकडेच बघत होती. मग ते वाक्य आलं. "आणि माझ्या पत्नीनेही मला पूर्ण—"

"नाय केली."

हॉलमधली सगळी डोकी वळली. गुणाबाई उभी होती. ती खुर्च्यांमधून वाट काढत पुढे निघाली. रणपिसे अंकल बाजूच्या टेबलाजवळ, झाकलेल्या ताटांपाशी उभे होते, ते दोन पावलं पुढे आले.

"बसा अंकल," ती म्हणाली. "तुमच्या ताटाला हात लावत नाय मी."

तिनं काशिरामच्या हातातून माईक घेतला. आयुष्यात पहिल्यांदा घेतला होता, तरी कुठं धरायचा हे तिला बरोबर माहीत होतं. चौदा वर्षं बघत होती ना.

"मी गुणाबाई. ह्यांची बायको. मासे इकते, तुमच्यातले बरेच माज्याकडूनच घेतात. हे बोलतात, बायकोनं माफ केलं. मी नाय केलं. ते वाक्य पास्टरांनी लिवलं. मना कोनी इचारलं नाय."

पास्टर म्हणाले, "गुणाबाई, आपण नंतर—"

"सात मिन्टं असतात ना? मंग माजी पन मोजा. ह्यांनी केलं ते केलं. ते दर्याच्या तळाला गेलं असं तुमीच बोलता. मंग ह्यांना दर वर्साला हितं उभं करून बुडवता कशाला? सुटलेला मानूस हाय ना हा? का तुमच्या प्रोग्रॅमापुरताच सुटलेला हाय?" कोणी आमेन म्हणालं नाही. "आता माजं सांगते. ह्यांनी दीड तास केला. मी सोळा वर्सं केली. घरात पोरीचं नाव काढू दिलं नाय. बापाला पोरीबद्दल बोलायला हितं यावं लागलं, तुमच्यासमोर. दारू सांगितल्याबिगर तुमी पोरीचं ऐकलं नसतं आनि मी तर ऐकतच नव्हते. म्हनून ह्यांना तुमी नाचवलं, त्यात मी पन हाय."

तिचा आवाज फाटला. तिनं तो परत जागेवर आणला.

"तर आज मी माफ करते. राग गेलेला नाय. राग हाय तसाच हाय. तरी करते. पास्टर, आता ते वाक्य खरं झालं, आता ते परत बोलायची गरज नाय. ह्यांचं झालं. ह्यांचं देवानं केलं, आज मी केलं." ती थांबली. मग तिनं जे विचारलं ते हॉलला विचारलं की देवाला, ते तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. "माजं कोन करंल?"

पाहुणे पास्टरांकडे बघायला लागले. पास्टरांनी तोंड उघडलं. पण अशा वेळेसाठी त्यांच्याकडे लिहिलेलं काही नव्हतं.

"मी केलं," काशिराम म्हणाला.

माईक त्याच्या हातात नव्हता. मागच्या ओळींना ऐकू आलंही नसेल. चौदा वर्षं या माणसानं त्या स्टेजवर उभं राहून फक्त मागितलं होतं, घेतलं होतं आणि मिळाल्याचं सांगितलं होतं. त्याच्याकडेही कोणाला द्यायला काही असेल, असं मंडळीला कधी वाटलं नव्हतं, गुणाबाईला नव्हतं, आणि त्याला स्वतःला तर नव्हतंच. तो मान वर करून उभा होता. त्यानं परत सांगितलं, जरा मोठ्यानं, "मी माफ केलं."

गुणाबाईनं माईक स्टँडला अडकवला. "चला मंग," ती म्हणाली, "बसू."

दोघं जाऊन मागच्या ओळीत बसली. पुढे बराच वेळ खाकरणं, कुजबुजणं चाललं. मग पास्टरांनी घाईघाईनं प्रवचन सुरू केलं. स्क्रीन बंद करायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, किशोरी तशीच चिडून सगळ्यांकडे बघत होती. गुणाबाईनं नवऱ्याकडे मान वळवली.

"फोटो कुटं काढलेला?"

तिला आवाज खाली घेणं कधी जमलंच नव्हतं. पुढच्या दोन ओळी वळल्या. काशिरामनं आधी पास्टरांकडे बघितलं, मग बायकोकडे.

"कर्नाळ्याला," तो म्हणाला. "तू बाजारात व्हतीस. मी पिलेलो नव्हतो त्या दिवशी. पक्षी दाखवायला नेलं तिला."

"मंग?"

"येक पन पक्षी बघितला नाय तिनं. सगळा येळ माकडांच्या मागं."

"मंग?" गुणाबाई म्हणाली.